मदत हवी आहे : ग्रामपंचायतीच्या ऑडिटात आक्षेप निघाले, आता पुढं कोण पाहतं?

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या पट्ट्यात. मी पुढारी नाही. कापूस-सोयाबीन आहे आणि फाट्यावर झेरॉक्सचं दुकान. पोरांचे फॉर्म भरता भरता ऑडिटऑनलाईन या सरकारी वेबसाइटवर आपल्याच ग्रामपंचायतीचं नाव टाकलं, तर अहवाल समोर आला.

पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशावर आक्षेप आहेत. आरओ (पिण्याचं पाणी शुद्ध करायचं यंत्र) दुरुस्तीचं बिल निघालं, पण मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंद, दाखवली नाही. दरपत्रकं फाईलीत नाहीत. आणि पांदण रस्त्यावरचा मुरूम बंधित निधीतून टाकला. बंधित म्हणजे त्या अनुदानातले 60 टक्के, जे पाणी आणि स्वच्छतेवरच लावायचे असतात. रस्ता करायचाच होता तर अबंधितचे 40 टक्के होते ना! आरओ उन्हाळ्यापासून कुलपात आहे, बाया हातपंपावर.

सचिवांना विचारलं तर म्हणतात, "पूर्तता पाठवली, विषय संपला." पंचायत समितीत म्हणतात, लेखी द्या. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोवर "अपहार सिद्ध" असं फिरूनही झालं. सरपंच माझ्याच भावकीतले आहेत, निवडणुकीत त्यांच्या विरोधात मी नव्हतो आणि आताही पॅनलच्या भांडणात पडायचं नाही. मला एवढंच सांगा, सचिवांनी उत्तर पाठवलं म्हणजे आक्षेप मिटतो का? नसेल तर मिटवतो कोण? थेट नागपूरला महालेखाकारांकडे अर्ज टाकू का?

प्रतिसाद – जुना लेखनिक
सचिवांनी उत्तर पाठवणं आणि आक्षेप निकाली निघणं ह्या दोन गोष्टी आहेत. ग्रामपंचायतीचं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षा करते. ते खातं वित्त विभागाचं, जिल्हा परिषदेचं नाही. अनुपालन, म्हणजे आक्षेपांची पूर्तता, पंचायत समितीमार्फत तिकडं जातं, लेखापरीक्षकाला पटलं तरच आक्षेप वगळतात. तोवर तो उभाच.

आता अहवाल पुन्हा उघडा आणि रकमेपुढं काय लिहिलंय ते पाहा : "आक्षेपाधीन" की "वसूलपात्र". आक्षेपाधीन म्हणजे कागद नाहीत म्हणून रक्कम अडकवून ठेवली. उद्या मोजमाप पुस्तिका, प्रमाणकं (खर्चाची व्हाउचरं) दाखवली तर ती सुटू शकते. वसूलपात्र असेल तर जबाबदार माणसाकडून पैसे भरून घ्यायचे असतात. दोन्हींना एकाच तोंडानं "अपहार" म्हणणाऱ्यांनीच निम्मी प्रकरणं बिघडवलीत. समोरचा मग बदनामीच्या नोटिशीची भाषा करतो आणि मूळ बिल बाजूलाच राहतं.

नागपूरला घाई करू नका. महालेखाकारांची, म्हणजे कॅगची माणसं प्रत्येक ग्रामपंचायत तपासत नाहीत. नमुन्यादाखल काही पाहतात आणि स्थानिक निधीला तांत्रिक मार्गदर्शन करतात.

प्रतिसाद – वऱ्हाडी गडी
भाऊ, सचिवाले तोंडी काहून विचारता? कागद मागा. नमुना 30 म्हणजे आक्षेप पूर्ततेची नोंदवही. तिची नक्कल मागा, संगं त्या बिलाची प्रमाणकं अन् नमुना 5 ची कॅशबुकाची पानं. माहिती अधिकारात 10 रुपयाचं कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेचं कार्ड असन तर तेबी नाई. पण एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. आमच्या गावात एकानं पाच वर्षांचं सगळंच मागलं, अर्ज वापस आला बाप्पा.

प्रतिसाद – जुना लेखनिक
बरोबर. फक्त गावातला माहिती अधिकारी म्हणजे ते सचिवच. म्हणून दुसरा अर्ज स्थानिक निधीच्या जिल्हा कार्यालयात टाका : "अमुक वर्षाच्या अहवालातील आक्षेपांचे अनुपालन प्राप्त झाले काय, झाले असल्यास त्याची प्रत व त्यावरील निर्णय." 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, पुढं 90 दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे. दोन कार्यालयांची उत्तरं शेजारी ठेवली की "पाठवली" खरं की खोटं ते कळेल.

प्रतिसाद – ताई, वाशीमहून
ग्रामसभेतही विषय घ्या. आधी लेखी द्या आणि पोच घ्या, नाहीतर "ऐनवेळचा विषय" म्हणून ढकलतात. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. बायांना सोबत न्या. आरओचं कुलूप हा त्यांचाच प्रश्न आहे, त्या बोलल्या की पॅनल मागं पडतं.

धागाकर्ता
धन्यवाद भाऊ, ताई. आत्ताच पाहिलं. मुरूम आणि आरओ दोन्ही "आक्षेपाधीन" आहेत, वसूलपात्र कुठंच नाही. ग्रुपवर तसं लिहिलं तर दोघंजण माझ्यावरच घसरले, "तू फितूर" म्हणून. असो. जिल्हा कार्यालयाचा अर्ज तुमच्याच शब्दांत टाकतो, ग्रामपंचायतीचा वेगळा. एक राहिलं : आरओचं काम झालंच नाही असं मला वाटतं, पण उद्या अचानक मोजमाप पुस्तिका तयार होऊन आली तर? आज कुलपाचे तारखेसह फोटो काढून ठेवले तर पुढं चालतात का, की पंचनामाच लागतो?