मदत हवी आहे : बारावीत ५८ टक्के, नर्सिंगला घालू की ड्रॉप? (अर्जंट, सोमवारी फी भरायची आहे)

सुदामानगरची
नमस्कार. जरा लवकर उत्तरं द्या, सोमवारपर्यंत टोकन भरायचंय.
आमच्या लेकराला बारावीत ५८ टक्के पडलेत. नर्सिंगच करायचं म्हणून अडून बसलंय. बायपासच्या पलीकडचं एक प्रायव्हेट कॉलेज सीट द्यायला तयार आहे. तिथला माणूस दिवसातून दोनदा फोन करतो, "मॅडम, सोमवारनंतर सीट गई समझो." इकडे माझे दीर म्हणतात, एवढ्या मार्कांत नर्सिंग करून पेशंट मारायचेत का? वर्षभर ड्रॉप घ्या, सरकारी कॉलेजची परीक्षा काढा, नाहीतर सरळ बी.कॉम.
मला एवढंच सांगा, कमी मार्कवाले चांगले नर्स होतात की नाही? आणि टोकन भरू का? बाकी इतिहास नको.

राजवाडा_ते_पलासिया
बाकी इतिहासच लागेल ताई. ५८ म्हणजे सगळे मिळून की पीसीबीचे (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी)? इंग्रजीत किती? कुठलं बोर्ड? बीएससी नर्सिंग की जीएनएम, म्हणजे डिप्लोमा? कॅटेगरी? पीएनएसटीचा, म्हणजे राज्याच्या नर्सिंग प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला होता का? आणि त्या कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल आहे का?

सुदामानगरची
बीएससीच, अजून काय. बोर्ड एमपी. ओपन. हॉस्पिटलचं माहीत नाही, बिल्डिंग छान आहे, चार मजली. पीएनएसटी भरायचीच नव्हती.

राजवाडा_ते_पलासिया
भरायचीच नव्हती म्हणजे? राज्यातल्या सरकारी नर्सिंग कॉलेजांचा रस्ता तोच आहे. पीसीबी सांगा अजून.

पुणेरी_टोमणा
महाराष्ट्रात सीईटी सेल बीएससी नर्सिंगची वेगळी सीईटी घेते. मुलीला तीच द्यायला सांगा. पुण्यात पीजी बघून देतो.

राजवाडा_ते_पलासिया
अहो, त्या इंदूरच्या आहेत. डोमिसाइल एमपीचं. तुमच्याकडच्या सरकारी कोट्यात त्यांना कोण उभं करणार?

पुणेरी_टोमणा
मराठी आहेत ना?

राजवाडा_ते_पलासिया
होळकरांच्या काळापासून. डोमिसाइल त्याने मिळत नाही.

निवृत्त_सिस्टर
मार्कांचं मी सांगते. सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळून निवृत्त झाले, शिकाऊ मुली हाताखालून पुष्कळ गेल्या.
मार्कांना अगदी किंमत नाही असं म्हणू नका. ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची, सेट २० थेंबांचा (एका मिलीचे २० थेंब), तर मिनिटाला किती थेंब? हे उत्तर पलंगाशी उभं राहून यायला हवं. २१ येतं. कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत दुसरी बेल वाजते. इन्सुलिन त्याहून नाजूक. आपल्याकडची व्हायल बहुतेक ४० युनिटची, म्हणजे एका मिलीत ४०. सिरिंज चुकून १०० ची घेतली आणि २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर पेशंटला ८ युनिटच मिळतात. उलट केलं, म्हणजे १०० चं इन्सुलिन आणि ४० ची सिरिंज, तर २० च्या जागी ५०. टोपणाचे रंग त्यासाठीच वेगळे असतात, लाल आणि केशरी. पण रंग पाठ असणं वेगळं आणि ५० का झाले हे कळणं वेगळं. हे पाचवी-सहावीचं गणित आहे. बारावीच्या फिजिक्सशी त्याचा संबंध नाही.
मार्कांत जे दिसत नाही ते असं. सकाळी टीपीआरचा (ताप, नाडी, श्वास) चार्ट बघा. तीस पेशंट, आणि तीसच्या तीस जणांच्या श्वासाची गती २०! खुर्चीत बसून भरलेला चार्ट. बाळंतीण २०, दम्याचा म्हातारा २०. असा चार्ट भरणारी नव्वद टक्केवालीही पाहिली आणि पन्नासवालीही. मोजला नाही तर "मोजला नाही" असं लिहिणारी मुलगी मला हवी असायची. ती कुठल्या परीक्षेत सापडते ते सांगा, मग दिरांशी बोलते.

आकडेवाला
सिस्टर, आदर आहे, पण आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या ३०० हॉस्पिटलांचा अभ्यास आला होता. ऑपरेशननंतर ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता, पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की साधारण ७ टक्क्यांनी कमी. म्हणजे शिक्षण मोजलं जातं आणि त्याने जीव वाचतात. दीर बरोबर बोलताहेत. ड्रॉप घ्या.

निवृत्त_सिस्टर
तुमच्याच अभ्यासातली दुसरी ओळ खाऊ नका. नर्समागे एक पेशंट वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तो अभ्यास पदवीचा आणि नर्सेसच्या संख्येचा आहे, बारावीच्या गुणपत्रिकेचा नाही. ५८ वालीने बीएससी केलं तर ती तुमच्या पदवीधरांतच धरली जाईल ना?

आकडेवाला
पण बीएससी पूर्ण होईल का, हा प्रश्न आहे. आधीचे मार्क पुढच्या थिअरीच्या परीक्षांचा अंदाज बऱ्यापैकी देतात, हे जगभर दिसतं.

निवृत्त_सिस्टर
थिअरीचा देतात, मान्य. वॉर्डातल्या कामाचा अंदाज त्यांच्यावरून फार कच्चा येतो, तेही जगभर दिसतं.

ग्रंथकीटक
नाइटिंगेलबाईंनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शाळा काढली, तेव्हा प्रत्येक मुलीचा महिन्याचा तक्ता ठेवत. त्यात कामाच्या कौशल्याचा रकाना वेगळा आणि वागणुकीचा वेगळा : वक्तशीरपणा, शांतपणा, भरवशाचं असणं, टापटीप. आणि अगदी अलीकडे, इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या हॉस्पिटलात रुग्णांची भयंकर हेळसांड झाली, त्यावर २०१३ चा फ्रान्सिस अहवाल आला. त्यानंतर तिथे नर्सिंगच्या प्रवेशालाही उमेदवाराची मूल्यं तपासायची पद्धत आणली. दीडशे वर्षांनी पुन्हा तोच रकाना.

पोहे_विथ_जिरावन
आणि इंटरव्ह्यूत सगळे एकच वाक्य म्हणणार, "मला सेवा करायची आहे." त्याचेही क्लास निघतील भंवरकुआँला.

राजवाडा_ते_पलासिया
नर्सिंग कौन्सिलच्या नव्या अभ्यासक्रमात प्रवेश परीक्षेचा साचा दिलाय : फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी यांचे २०-२० आणि 'नर्सिंगचा कल' याचे २०. हा कल चार पर्यायांतून कसा मोजायचा, ते मोजणाऱ्यांनाच ठाऊक.

चकली_बिघडली
मध्येच विचारते, माफ करा. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, घरी येऊन रोज पोटात इंजेक्शन देणारं कोणी लोकमान्य नगरकडे आहे का? एजन्सीवाले फार पैसे सांगताहेत.

निवृत्त_सिस्टर
ते रक्त पातळ ठेवायचं असेल. भरलेली सिरिंज येते, घरचं माणूसही शिकतं. ज्या वॉर्डात ऑपरेशन झालं तिथल्या सिस्टरला एकदा समोर दाखवायला सांगा. टोचल्यावर चोळायचं नाही. किती दिवस द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सुदामानगरची
माझा धागा आहे हा! पीसीबी १५३, तीनशेपैकी. इंग्रजी ७८. आता टोकनचं सांगा.

आकडेवाला
पीसीबी ५१ म्हणजे एम्स गेलं. तिथे ५५ लागतात.

राजवाडा_ते_पलासिया
गेलं नाही. एम्सच्या बीएससी ऑनर्सला इंग्रजी धरून चार विषयांचे मिळून ५५ टक्के लागतात. १५३ अधिक ७८ म्हणजे ४०० पैकी २३१, पावणेअठ्ठावन्न. बसते. कौन्सिलची किमान अट तर पीसीबीत ४५ आहे आणि इंग्रजीत पास. एम्सचा पेपर शंभर प्रश्नांचा, दोन तास, शेवटचे दहा जनरल नॉलेजचे. स्पर्धा जबर आहे, पण दार बंद नाही. मिलिटरी नर्सिंगही बघा, नीटच्या मार्कांवर बोलावतात, शिवाय मुलाखत असते. मुलीने नीट दिली होती का?

सुदामानगरची
मुलगा आहे.

पोहे_विथ_जिरावन
😂😂

राजवाडा_ते_पलासिया
ताई!! हे पहिल्या ओळीत लिहायचं ना.

सुदामानगरची
मी मुलगी म्हटलंच कुठे? तुम्ही सगळ्यांनी आपलं ठरवलंत. म्हणूनच म्हटलं, पीएनएसटी भरायचीच नव्हती. नियमपुस्तिकेत महिला उमेदवार लिहिलंय, दिरांना ते सांगून दमले.

राजवाडा_ते_पलासिया
मग गणितच बदललं. मिलिटरी नर्सिंग फक्त मुलींना. पीएनएसटीचं तुम्ही म्हणता तसं, तरी दरवर्षीची पुस्तिका नवी निघते, वाचत राहा. एम्सचं प्रॉस्पेक्टस कॉलेजवार वाचा, लिंगाची अट तिथे छापलेली असते. आणि पुढचंही माहीत असू द्या : एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना, २० पुरुषांना असं २०१९ मध्ये ठरलं होतं. आणि ड्रॉप घेऊन राज्यातलं सरकारी कॉलेज मिळवायचं हा दिरांचा सल्ला ज्या पीएनएसटीवर उभा आहे, तिला, तुम्ही म्हणता तसं असेल तर, हा मुलगा बसूच शकत नाही.

जुनं_इंदूर
मुलाने कशाला हे? बायकांच्या कामात. लग्न कसं जमायचं?

निवृत्त_सिस्टर
मेल सर्जिकलला रात्री दोन वाजता कॅथेटर घालायला पेशंटचे नातेवाईकच म्हणतात, ब्रदर असतील तर पाठवा. ऑर्थोत ट्रॅक्शनवरच्या शंभर किलोच्या माणसाला कुशीवर वळवायला, दारू सोडवलेल्या पेशंटला धरायला, तेव्हाही ब्रदरच आठवतात. आयसीयू, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, सगळीकडे आहेत. लग्नं झालीत त्यांची, तुम्ही काळजी करू नका.

उडता_पक्षी
जर्मनीला पाठवा. बी-टू पातळीपर्यंत जर्मन भाषा करा, तिकडे नर्सेस मिळत नाहीत. माझ्या ओळखीत क्लास आहे, सवलत देतील.

राजवाडा_ते_पलासिया
आधी इकडची डिग्री तर होऊ द्या. तुमचा क्लास प्रत्येक धाग्यात येतो.

ताई, तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. ५८ टक्क्यांची काळजी सोडा, त्या चार मजल्यांची करा. बीएससी कॉलेजला शंभर खाटांचं पॅरेंट, म्हणजे स्वतःचं, हॉस्पिटल लागतं आणि शिकणाऱ्या प्रत्येकामागे तीन पेशंट. आपल्या राज्यात काय झालं ते पेपरात वाचलंच असेल : कोर्टाच्या आदेशावरून सीबीआयने कॉलेजं तपासली, कागदावरची हॉस्पिटलं आणि एकाच वेळी अनेक कॉलेजांत दाखवलेले शिक्षक निघाले. मे २०२४ मध्ये तर तपास करणाऱ्यांपैकीच एका इन्स्पेक्टरला लाच घेताना पकडलं. काही बॅचच्या पोरांच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षा कित्येक वर्षं लटकल्या. त्यातल्या कोणाचा बारावीच्या मार्कांमुळे घात झाला नव्हता.
तेव्हा टोकनच्या आधी हॉस्पिटलात जा. ऑफिसात नाही, वॉर्डात. ओपीडीच्या वेळी, सकाळी अकराच्या सुमारास, न सांगता. या सत्राची मान्यता आहे का, विद्यापीठाची संलग्नता आहे का, ते स्टेट कौन्सिलच्या यादीत बघा, भिंतीवरच्या फ्रेममध्ये नाही. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना गाठा आणि विचारा, परीक्षा वेळेवर झाल्या का, डिलिव्हरी किती बघितल्या.

निवृत्त_सिस्टर
हे लाख बोललात. वॉर्डात पेशंट नसतील तर नव्वद टक्केवालाही पुतळ्यावरच इंजेक्शन शिकणार. ताई, मुलाला माझ्याकडून एक विचारा : घरात आजारी माणूस असताना त्याने काय केलंय? खोकल्याचं औषध आणून देणं सोडून.

सुदामानगरची
माझ्या सासूबाई पडून होत्या. त्यांना अंघोळ तोच घालायचा. पाठीला जखम होऊ दिली नाही त्याने, दर दोन तासांनी कूस बदलायचा, मोबाइलवर गजर लावून. बारावीचे मार्क त्यातच गेले. हे कशाला सांगायचं म्हणून लिहिलं नव्हतं.

आकडेवाला
हे आधी लिहिलं असतंत तर मी ड्रॉप म्हटलं नसतं. तरी एक नमुना म्हणजे पुरावा नव्हे, हे कायम आहे. फार्माकॉलॉजीच्या गणिताची तयारी आतापासून करून घ्या.

पोहे_विथ_जिरावन
याला म्हणतात पाठीचा चार्ट. सगळीकडे २० नाही लिहिलं पोराने.

सुदामानगरची
शनिवारी अहो आणि दीर न सांगता जाऊन आले. हॉस्पिटल कॉलेजपासून लांब, दोन मजल्यांचं. दिरांनी खाटा मोजल्या, २६. पेशंट चार, त्यातला एक वॉचमनचा मेहुणा. दीर तिथेच भांडायला लागले, ह्यांनी ओढून आणलं. टोकन भरलं नाही. तो माणूस आता म्हणतोय, "बुधवार तक रोक सकता हूँ."
दुसरं एक कॉलेज मुलानेच शोधलंय, फी जास्त आहे, पण त्यांचं हॉस्पिटल खरं आहे, ओपीडीत उभं राहायला जागा नव्हती म्हणे. तिथे बीएससी भरली, जीएनएमच्या जागा आहेत. जीएनएम केलं तर पुढे बीएससी होतं का? आणि मुलांना घेतात ना जीएनएमला? यावेळी आधीच विचारते.

राजवाडा_ते_पलासिया
प्रायव्हेटमध्ये मुलांना घेतात, त्या कॉलेजला लेखी विचारा. जीएनएम तीन वर्षं, मग रजिस्ट्रेशन, मग पोस्ट बेसिक बीएससी दोन वर्षं. एक वर्ष जास्त जातं, पण पेशंट बघायला मिळतात. मान्यता या सत्राची बघा, गेल्या सत्राची नाही. आणि पावती कॉलेजच्या नावाची घ्या, माणसाच्या यूपीआयवर पैसे टाकू नका.

चकली_बिघडली
सिस्टर, वॉर्डात दाखवून घेतलं, आता मीच देते. चोळायचं नाही म्हणालात ते बरं झालं, मी चोळायला जाणारच होते.

उडता_पक्षी
जीएनएमवाल्यांनाही जर्मनीत संधी आहे.