मानेवरची लसिकागाठ: आधी सुई की आधी सुरी?

धागालेखक: बाळाच्या मानेवर किंवा काखेत जन्मतःच दिसणारी, पाण्याच्या पिशवीसारखी मऊ गाठ ही बहुतेकदा लसिकावाहिन्यांच्या, म्हणजे ऊतींतला पाणीदार द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या, घडणीतला दोष असते, तो कर्करोग नव्हे. जुन्या पुस्तकांत तिला ‘सिस्टिक हायग्रोमा’ म्हणत, आणि त्यातल्या ‘ओमा’ या अर्बुदसूचक शेपटाने पालकांना नाहक धडकी भरते. माझे मत असे की, गाठीतले कप्पे मोठे, म्हणजे साधारण १ ते २ सेंटिमीटरहून अधिक असतील, तर पहिला मान स्क्लेरोथेरपीला द्यावा. सोनोग्राफीवर पाहत सुईने आतला द्रव काढून त्या जागी डॉक्सिसायक्लिन किंवा ब्लिओमायसिन सोडले जाते. औषधाने कप्प्याचे अस्तर जळजळते, सूज येते आणि पुढच्या काही आठवड्यांत भिंती एकमेकींना चिकटून पोकळी मिटते. जपानमध्ये ओगिता आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ओके-४३२ हे जिवाणूजन्य औषध याच कामासाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले, म्हणजे ही पद्धत कालपरवाची नाही. चेहऱ्याच्या नसेची खालची फांदी गाठीच्या भिंतीला बिलगून असताना सुरी चालवण्याची घाई कशासाठी?

सुरीपक्ष: मोठ्या कप्प्यांपुरते आपले म्हणणे मान्य आहे, पण असे सरळ रुग्ण किती असतात? जिभेत आणि तोंडाच्या तळाशी जी विकृती पसरते, ती बहुधा सूक्ष्म कप्प्यांची असते. तिथे सुईला शिरायला पोकळीच नसते आणि औषध भिनण्याऐवजी आजूबाजूच्या ऊतींत पाझरते. शिवाय एका सुईत काम भागत नाही, लहान मुलाला प्रत्येक वेळी भूल द्यावी लागते. मर्यादित जागेतली गाठ एकदाच पूर्ण काढून टाकणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

धागालेखक: ‘पूर्ण’ या शब्दावरच माझा आक्षेप आहे. नसा आणि रक्तवाहिन्या वाचवायच्या तर गाठीचा काही भाग बऱ्याचदा मागे ठेवावा लागतो, आणि मागे राहिलेला भाग पुन्हा भरतो. सूक्ष्म कप्प्यांबाबत मात्र माझे विधान सैल होते, ते मागे घेतो.

श्वासमार्ग: दोघांनीही सुजेचा मुद्दा उडवून लावला आहे. औषधाने येणारी सूज हा उपचाराचाच भाग असतो. पण गाठ घशाजवळ असेल तर तीच सूज श्वास अडवू शकते, म्हणून काही बाळांत सुई टोचण्याआधी श्वासनलिकेला छेद देऊन वाट मोकळी करावी लागते. ब्लिओमायसिनचा फुप्फुसांवरचा धोका एकूण मात्रेनुसार वाढतो, त्यामुळे प्रत्येक खेपेचा हिशेब ठेवलाच पाहिजे. हे औषध दिल्यावर चिकटपट्टी ओढून काढली, तर त्वचेवर त्याच आकाराचे काळे डाग उमटू शकतात, हे तर कित्येकदा कोणी सांगतही नाही.

वर्गीकरणवादी: सुई आणि सुरी यांच्या आधी निदान येते. म्युलिकन आणि ग्लोवाकी यांनी १९८२ साली हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढून होणारी गाठ, आणि वाहिन्यांच्या घडणीतली विकृती वेगळी करून दाखवली, तरी आजही सर्रास दोन्हींना एकच नाव दिले जाते. शिरांच्या विकृतीत रक्त संथ वाहते, त्यामुळे पॉलिडोकॅनॉल या अस्तर जाळणाऱ्या औषधाचा फेस तिथे टिकून काम करतो. धमनी आणि शीर थेट जोडलेल्या विकृतीत मात्र वेगवान प्रवाह औषध वाहून नेतो. तिथे जोडाचे नेमके केंद्र गाठून ते बंद करावे लागते. म्हणून डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि एमआरआय झाल्याशिवाय ‘गाठीत इंजेक्शन’ हा शब्दप्रयोगच मला धोकादायक वाटतो.

सुरीपक्ष: निदानाविषयी वाद नाही. परंतु सूक्ष्म कप्प्यांसाठी आता सिरोलिमसही पोटातून दिले जाते, कारण अशा अनेक विकृतींच्या मुळाशी पीआयके३सीए या जनुकातला बदल सापडला आहे आणि त्यातून पेटणारी पेशीवाढ हे औषध रोखते. मग सुईचा पहिला मान तिथेही उरत नाही.

धागालेखक: सिरोलिमस बंद केल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते, तोंडात फोड येतात आणि रक्तातली पातळी वारंवार तपासावी लागते. मोठ्या कप्प्याच्या एकट्या गाठीसाठी हा व्याप मी मुलाच्या मागे लावणार नाही. जिभेतल्या विकृतीसाठी मात्र लावीन.