मदत हवी आहे : आयरिश शिट्टीवर भैरवी कशी वाजवायची?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहतो. गेल्या दिवाळीत भाच्याने डी पट्टीची टिन व्हिसल आणून दिली. सहा भोकं, तोंडाशी शिट्टी, म्हणजे बासरीसारखी फुंक साधायची कटकट नाही. आयरिश धुनांपेक्षा आपलीच गाणी वाजवायचा मोह जास्त.

वरची तीन भोकं बंद ठेवून सा धरला, तर तो पांढरी पाचला (पेटीवरच्या जी स्वराला) लागतो. सगळी भोकं उघडली की थेट तीव्र मध्यम! त्यामुळे यमन आणि भूप अगदी घरचे झाले. शुद्ध मध्यमासाठी पहिलं उघडं ठेवून दुसरं-तिसरं बंद करतो, पण तो माझ्या शिट्टीवर किंचित चढा लागतो. फुंक कमी करू, की चौथं भोकही झाकून बघू?

खरी पंचाईत भैरवीची. कोमल स्वरांना अर्धं भोक झाकावं लागतं आणि भोकं एवढीशी, की बोट जरा सरकलं तरी स्वर पळतो. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तर दूरच.

दुसरं, आमचं भजनी मंडळ पांढरी चारमध्ये (एफमध्ये, म्हणजे माझ्या सा पेक्षा एक स्वर खाली) गातं. हिशेबाने मला सी पट्टीची शिट्टी लागेल, बरोबर ना? ठाणे किंवा दादरला हातात घेऊन, वाजवून बघता येईल असं दुकान माहीत आहे का?

आणि हो, वरचं सप्तक फार कर्कश वाजतं. शेजारच्या काकू अजून हसून बोलतात, तोवर काही उपाय सांगा. सध्या पहाटे उपवन तलावावर जातो.