साथीच्या काळात रुग्णालयात संसर्गाचा धोका नेमका कोणाला अधिक असतो?

निशिगंध
तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या आमच्या रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीने पुढच्या साथीसाठी लेखी आराखडा करायला घेतला असून त्याचा मसुदा माझ्याकडे आला आहे. पहिल्याच बैठकीत मतभेद झाला. एन-९५ मास्क आणि पीपीई किट यांचा साठा अपुरा असणार हे धरून चालले, तर तो आधी अतिदक्षता विभागासाठी राखून ठेवावा, कारण श्वासनलिकेत नळी घालण्यासारखी जोखमीची कामे तिथेच होतात, असे वरिष्ठ डॉक्टरांचे म्हणणे आहे. मेट्रनबाई मात्र सांगतात की २०२० साली आमच्याकडे आजारी पडले ते बहुतांशी वॉर्डातले मामा, मावश्या आणि केसपेपरच्या खिडकीवर बसणारे कर्मचारी. केवळ एका रुग्णालयाच्या आठवणीवरून धोरण ठरवणे मला पटत नाही. अभ्यास काय सांगतात, आणि त्यावरून वाटणी कशी करावी, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

भूलतज्ज्ञ
तुमच्या मेट्रनबाईंच्या निरीक्षणाला चांगला आधार आहे. ब्रिटनमधील बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांत एप्रिल २०२० च्या अखेरीस, लक्षणे नसलेल्या आणि कामावर हजर असलेल्या ५१६ कर्मचाऱ्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तपासली गेली. एकूण २४.४ टक्के जणांना संसर्ग होऊन गेला होता. सफाई कर्मचाऱ्यांत हे प्रमाण ३४.५ टक्के होते, तर अतिदक्षता विभागात १४.८ टक्के. ऑक्सफर्डच्या रुग्णालयांत दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, तेव्हाही सरासरी ११.२ टक्के असताना रुग्णांची ने-आण करणारे आणि सफाई करणारे यांच्यात ती १८.६ टक्के आढळली.

याचे एक कारण उघड आहे: अतिदक्षता विभागात उत्तम दर्जाचे मास्क होते आणि इतरत्र साधे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. कोविडचा रुग्ण लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास सर्वाधिक संसर्गजन्य असतो आणि त्या वेळी तो ओपीडीच्या रांगेत, अपघात विभागात किंवा सर्वसाधारण वॉर्डात खोकत असतो. व्हेंटिलेटरवर जाईपर्यंत बहुधा आठवडा उलटून गेलेला असतो. नळी घालण्याची आम्हा भूलतज्ज्ञांना जी धास्ती होती, तिच्याबाबत ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०२० मध्ये शस्त्रक्रियागृहात प्रत्यक्ष मोजमाप केले. भूल दिलेल्या रुग्णाला नळी घालताना हवेत जे सूक्ष्म कण उडतात, ते साध्या खोकल्याच्या मानाने पुष्कळच कमी भरले.

ही धास्ती आली कुठून, हेही आराखडा लिहिताना लक्षात घ्यावे. २००३ च्या सार्सच्या (कोविडच्याच जातकुळीतल्या विषाणूने होणाऱ्या श्वसनरोगाच्या) साथीत जगभरातील सुमारे आठ हजार रुग्णांपैकी १,७०६ जण, म्हणजे २१ टक्के, आरोग्य कर्मचारी होते. हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयातील एका वॉर्डातून पसरलेल्या उद्रेकाच्या १३८ रुग्णांत ६९ कर्मचारी आणि १६ वैद्यकीय विद्यार्थी होते. त्या आजारात विषाणूचे प्रमाण दहाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे रुग्ण अत्यवस्थ असताना, शिखरावर जाई. आम्ही सार्सचा धडा कोविडला जसाच्या तसा लावला. पुढच्या साथीचा विषाणू यांपैकी कोणाच्या वळणावर जाईल हे आज सांगता येणार नाही, म्हणून साठ्याची वाटणी विभागाच्या नावाने कायमची ठरवू नका. रुग्ण कोणत्या दिवशी सर्वाधिक संसर्गजन्य असतो आणि त्या दिवशी तो रुग्णालयात कुठे असतो, ही माहिती हाती येताच वाटणी बदलता येईल अशी तरतूद त्यात असावी.

आकडेमोड
डॉक्टरांच्या मांडणीशी बव्हंशी सहमत आहे, पण एक सावधगिरी सुचवतो. प्रतिपिंडांच्या तपासणीतून संसर्ग झाला हे कळते. तो वॉर्डात झाला, की बसमध्ये, की घरी, हे कळत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली होती. जी मावशी दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांसह राहते, तिच्या संसर्गाचे सगळे खापर रुग्णालयावर फोडता येणार नाही. अर्थात, त्यामुळे तिला कमी दर्जाचा मास्क देण्याचे समर्थनही होत नाही.

शिवाय ब्रिटन आणि अमेरिकेतील मोबाइल ॲपवर नोंदवलेल्या माहितीच्या अभ्यासात, पुरेशी संरक्षक साधने असूनही कोविड रुग्णांची प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये, अशा रुग्णांशी संबंध न आलेल्या सहकाऱ्यांच्या तुलनेत चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता जवळजवळ पाचपट होती. तेव्हा अतिदक्षता विभाग सुरक्षित आहे असा उलटा निष्कर्ष समितीने काढू नये. तिथले कमी आकडे संरक्षण असतानाचे आहेत. संरक्षण काढून घेतल्यावर हे आकडे तसेच राहतील असे मानायला आधार नाही.

इन्चार्ज सिस्टर
मी कोविड वॉर्डात काम केले आहे, त्यामुळे अभ्यासात सहसा न दिसणाऱ्या काही गोष्टी लिहिते. किट घालताना सगळे काळजी घेतात. धोका असतो तो किट उतरवताना, कारण तोवर माणूस घामाने निथळलेला, तहानलेला आणि घाईत असतो. त्या वेळी समोर उभे राहून क्रमाने सूचना देणारे कोणीतरी हवेच. किट उतरवल्यावर सगळे चहाच्या खोलीत मास्क काढून एकत्र बसतात, आणि ती खोली बहुतेक ठिकाणी बिनखिडकीची असते. वसतिगृहातही तेच. रुग्णाकडून एकीला आणि एकीकडून सगळ्यांना, अशी साखळी आम्ही पाहिली.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न याहून अवघड आहे. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर त्यांची नावे नसतात, कारण ते कागदोपत्री रुग्णालयाचे कर्मचारीच नव्हेत. अंगात ताप असताना ते कामावर येतात, कारण खाडा झाला की त्या दिवसाचा पगार कापला जातो. आराखड्यात आजारपणाच्या पगारी रजेचे कलम नसेल, तर मास्कची वाटणी कशीही करा, विषाणू त्या वाटेने आत येईल. ठेकेदाराशी करार करतानाच ही अट घालावी लागेल. साथ सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

निशिगंध
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पगारी रजेचा मुद्दा आमच्या बैठकीत कोणाच्या डोक्यातही आला नव्हता. भूलतज्ज्ञ सरांना एक उपप्रश्न: केसपेपरच्या खिडकीवर एन-९५ द्यायचा, की तिथे सर्जिकल मास्क पुरेसा मानावा?

भूलतज्ज्ञ
याबाबतचा पुरावा वाटतो तितका निर्णायक नाही. २०२२ मध्ये कॅनडा, इस्रायल, पाकिस्तान आणि इजिप्तमधील २९ केंद्रांतील चाचणीचे निष्कर्ष आले. नेहमीची शुश्रूषा करताना सर्जिकल मास्क वापरणाऱ्यांत १०.५ टक्के, तर एन-९५ वापरणाऱ्यांत ९.३ टक्के संसर्ग आढळला. मात्र सांख्यिकीय अनिश्चितता इतकी मोठी होती की दोन्ही सारखेच आहेत असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. माझे मत विचाराल, तर खिडकीवरच्या माणसाला काचेचा आडोसा द्यावा, रांग मोकळ्या हवेत हलवावी आणि खोकणाऱ्या प्रत्येक रुग्णाला दारातच मास्क द्यावा. त्यानंतर उरलेल्या एन-९५ मध्ये अपघात विभाग आणि तिथली सफाई करणारे कर्मचारी यांचा क्रम खिडकीच्या आधी लावावा.

आणखी एक. लस उपलब्ध झाल्यावर पहिल्या यादीत कंत्राटी कर्मचाऱ्यांची नावे असतील हे आजच लिहून ठेवा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दोन मात्रा घेतलेल्या कर्मचाऱ्यांना संसर्गापासून ६५ टक्के संरक्षण मिळाले, पण अतिदक्षता विभागात दाखल होण्यापासून ९४ टक्के. सिस्टर म्हणतात त्याप्रमाणे हजेरीपटावर नाव नसलेला माणूस लसीच्या यादीतूनही सहज गळतो.