जुने लष्करी रेशनचे डबे: एक फुगलाय, पावसाळ्याच्या आत काय करावं?

अपशिंगे_रोड (सातारा)

नमस्कार मंडळी. अपशिंगे मिलिटरी या गावाच्या बाजूच्या एका घरातल्या लोखंडी पेटीत तीन वस्तू मिळाल्या आहेत, चौथी पुण्याच्या जुन्या बाजारातली.

१. चौकोनी, वरच्या बाजूला निमुळता होत गेलेला सीलबंद डबा. कागदी लेबल अर्धंच उरलंय, वजन ४१२ ग्रॅम.
२. गोल डबा, लेबल नाही. वरच्या तोंडाला मधोमध छोटी गोल चकती डाख देऊन बसवलेली. दोन्ही तोंडं फुगलीत, अंगठ्याने दाबली तर आत जात नाहीत.
३. पितळी पेटी, झाकणावर एका स्त्रीचा उठावाचा चेहरा आणि १९१४. कडांना हिरवं आलंय.
४. मेण चढवलेला पुठ्ठ्याचा आयताकृती खोका, इंग्रजीत 'सपर' छापलेलं. उघडलेला नाही.

फुगलेल्या डब्याचं आधी सांगा. बाकीच्या वस्तू सातारच्या पावसाळ्यात कशा ठेवायच्या? आणि परदेशातल्या विक्रेत्याकडून असे सीलबंद डबे मागवता येतात का?

पत्रा_आणि_कल्हई (सांगली)

तो गोल डबा जोरात हलवू नका, अंगठ्याने पुन्हा दाबूही नका. झाकण नुसतं टेकवलेल्या प्लास्टिकच्या बादलीत, चारी बाजूंनी कोरडी वाळू घालून, सावलीत जमिनीवर ठेवा. माळ्यावर नको, उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो.

फुगण्याची कारणं दोन. जॅम किंवा फळांसारखा आंबट माल असेल तर वर्षानुवर्षांत आतली कल्हई झिजते, आम्ल लोखंडापर्यंत पोचतं आणि हायड्रोजन तयार होतो. दुसरं कारण जिवाणू, आणि त्यात बोटुलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतूही आला. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात, म्हणून दोन्ही धोके आहेत असं धरूनच हात लावायचा. हायड्रोजन पेट घेतो आणि विजेच्या ड्रिलच्या मोटारीत ठिणगी पडते, त्यामुळे इथे हाताने फिरवायचा ड्रिलच वापरायचा.

काम उघड्यावर करा. गॉगल, नायट्राइलचे हातमोजे, मास्क. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. डबा उलटा धरून बुडाच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत, शिवणीपासून लांब खूण करा. खुणेवर मास्किंग टेप लावली की टोक घसरत नाही. ओलं फडकं आणि वरून जाड प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दीड मिलिमीटरच्या बिटने हळू भोक पाडा. पत्रा पाव-अर्ध्या मिलिमीटरचाच असतो. दाब दिलात तर बिट एकदम आत जातं, अडकतं आणि पत्रा फाटतो. नवशिक्यांचे बहुतेक डबे इथेच बिघडतात. 'फुस्स' आवाज आला की थांबा, भोक वरच्या अंगाला ठेवून अर्धा तास तसंच सोडा. मग ते चार मिलिमीटरचं करा आणि समोरच्या कडेला दुसरं पाडा, एकातून हवा आत जाते आणि दुसऱ्यातून माल बाहेर येतो.

माल पातळ असेल तर कोमट पाणी सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने सोडत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. निघालेला माल बादलीत एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास ठेवून मग टाका. ब्लीच डब्याच्या आत जाऊ देऊ नका, पत्रा खातं. त्याच बादलीत फिनाइल किंवा अ‍ॅसिड ओतू नका. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने दोनदा (बॅटरीचं पाणी चालतं) आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा खंगाळा, म्हणजे शिवणीत अडकलेलं पाणी निघून येतं. गार हवेच्या ड्रायरने वाळवून भोकं उघडी ठेवून सिलिका जेलमध्ये दोन आठवडे. वजन स्थिर झालं म्हणजे सुकला. भोकं नंतरही बुजवू नका. बुड खाली असल्यावर ती कुणाला दिसत नाहीत आणि आत दमट हवा कोंडत नाही.

चव आणि वास, दोन्ही अजिबात घ्यायचे नाहीत. बोटुलिझमच्या विषाला वास असेलच असं नाही.

मधली डाख दिलेली चकती ही जुनी पद्धत. माल भरायचं भोक चकतीने बंद करायचं आणि चकतीतलं बारीक छिद्र शेवटी डाखेच्या थेंबाने. दुहेरी शिवणीचे, डाखेशिवाय तोंड बंद होणारे डबे १९०४ नंतर पसरले, पण पहिल्या महायुद्धात दोन्ही प्रकार चालू होते. त्यामुळे नुसत्या चकतीवरून साल सांगता येणार नाही. डाखेत शिसं असतं, तेव्हा पॉलिश पेपर मारू नका.

चौकोनी निमुळत्या डब्याला लगेच 'बुली बीफ' (ब्रिटिश सैनिकांचं कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं डबाबंद गोमांस) म्हणू नका. तो आकार १८७५ सालच्या शिकागोच्या पेटंटमधून आला आणि कॉर्न्ड बीफवर रुजला हे खरं. पण भारतीय पलटणींना गोमांस दिलं जात नसे. त्यांचं रेशन म्हणजे आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ, हळद, मिरची, तेही पोत्यांत आणि मोठ्या डब्यांत. सैनिकाच्या वाट्याला मापून यायचं, छापील डबा हातात सहसा यायचा नाही, म्हणून आपल्या शिपायांच्या रेशनच्या वस्तू इतक्या कमी उरल्यात. आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात (१९१५-१६) १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तिथे उपासमार असताना बऱ्याच भारतीय शिपायांनी घोड्याचं मांस एप्रिल १९१६ पर्यंत नाकारलं. हे माहीत असलं की मराठा शिपायाच्या पेटीत मांसाचा डबा दिसल्यावर पहिला प्रश्न पडतो: हा त्याला मिळाला की कुणाशी अदलाबदल करून आला? लेबलवरचं उरलेलं प्रत्येक अक्षर आणि पत्र्यावरचा ठसा तिरप्या उजेडात टॉर्च धरून वाचा. बाणाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल, बाणाखाली 'आय' असेल तर भारतीय.

मिरज_कागद_जतन

वरचं सगळं मान्य, पण गोल डब्याची रीत चौकोनी डब्याला लावू नका. फुगलेला नाही, गळत नाही, तर त्याला भोक पाडायचं कारण नाही. घट्ट मांस दोन भोकांतून निघतही नाही, बुड कापावं लागतं. त्यापेक्षा दर महिन्याच्या एक तारखेला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. ४१२ चं ४१० झालं तर कुठेतरी सूक्ष्म भोक पडलंय. बहुतेकदा ते लेबलच्या कडेला असतं, कारण कागद ओल धरतो आणि पत्रा त्याच रेषेवर गंजतो. दोन्ही तोंडांवर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का तेही बघा. फुगवटा सुरू झाला की वजनाच्या आधी तो इथे कळतो.

आणखी एक. लेबल असलेल्या डब्याजवळ अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन आणण्याआधी कोपऱ्यावर ओल्या इअरबडचं टोक टेकवून बघा. शाई उतरली तर तो भाग पॉलिथिनच्या पट्टीने झाकून घ्या. सुटलेला लेबलचा तुकडा फेविकॉलने कधीही चिकटवू नका, नंतर निघत नाही. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ किंवा मिथाइल सेल्युलोज वापरा, दोन्ही पाण्याने परत सोडवता येतात. खळ कसरीला आवडते म्हणून थर अगदी पातळ हवा. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, त्यांची वाफ प्लास्टिक मऊ करते आणि वस्तूंवर स्फटिक बसतात.

'सपर' म्हणजे अमेरिकी सैनिकांच्या के-रेशनचं (खोक्यातल्या तयार जेवणाचं) रात्रीचं जेवण, १९४२ पासूनचं. एका दिवसाचे ब्रेकफास्ट, डिनर आणि सपर असे तीन खोके. तुमच्याकडे आहे तो मेणाचा आतला खोका, त्यावर छापील बाहेरचा खोका असायचा. युद्धाच्या उत्तरार्धातल्या रंगीत छपाईत ब्रेकफास्ट तपकिरी, डिनर निळा आणि सपर हिरवा. आत मांसाचा लहान डबा, बिस्किटं, सिगारेटी वगैरे. धोका त्या डब्याचाच. मेणावर तेलकट डाग पसरताना दिसला तर तो गळतोय. मेण ५०-६० अंशांना वितळतं, पण दाबाखाली त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. एप्रिलमध्ये एकावर एक रचलेले खोके चिकटतात आणि सोडवताना छपाई घेऊन निघतात. वेगळा, आडवा, सिलिकॉनच्या बेकिंग पेपरवर ठेवा. पीव्हीसीच्या पिशवीत घालू नका, तिच्यातून आम्ल सुटतं. मेणावर पांढुरकी साय आली तर पुसू नका.

पितळी पेटी ही ब्रिटनची राजकन्या प्रिन्सेस मेरीची सैनिकांना १९१४ ची ख्रिसमस भेट. साधारण ५ बाय सव्वातीन इंच, उंची सव्वा इंच. ही वस्तू आपल्याकडच्या घरांत खरोखर येऊ शकते. भारतीय सैनिकांसाठी आतला माल वेगळा ठेवला होता: शिखांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी, इतर भारतीय पलटणींना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाल्याची डबी. गुरख्यांना ब्रिटिश सैनिकांसारखीच भेट. आत मसाल्याची डबी किंवा कोपऱ्यात तपकिरी भुकटी असेल तर झटकून टाकू नका! काचेच्या छोट्या बाटलीत भरून चिठ्ठी लावा, ती पेटीपेक्षा दुर्मिळ आहे.

चिंच किंवा पितळ घासायची पावडर लावू नका. चेहऱ्याभोवतीच्या लॉरेलच्या पानांची रेष दोनचार घासण्यांत जाते, आणि ती परत येत नाही. हिरवं साबणासारखं चिकट असेल तर ते मेण-तुपाच्या आम्लामुळे, आयसोप्रोपिलच्या बोळ्याने निघतं. फिकट हिरवी भुकटी असेल आणि पुसल्यावर चार दिवसांत पुन्हा आली तर पितळेत क्षार शिरलेत. मग पेटी ४० टक्के आर्द्रतेखालच्या कोरड्या हवेतच ठेवावी लागेल.

वाईकर_७४

मागवण्याबद्दल. कुठल्याही स्वरूपातल्या गोमांसाची भारतात आयात बंद आहे. डबा ऐंशी वर्षं जुना आणि संग्रहासाठी असला तरी कस्टममध्ये तो गोमांसाचा डबाच. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीतलं, राज्याबाहेरून आणलेलं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केलं, पण आयातीची बंदी त्याच्याशी संबंधित नाही. विक्रेत्याला रिकामे, धुतलेले डबे पाठवायला सांगा आणि पार्सलवर तसं स्पष्ट लिहून घ्या. काडेपेटी, हेक्झामिनच्या इंधनवड्या आणि अमेरिकी एमआरईमधली (सैनिकांच्या तयार जेवणाच्या पाकिटातली) पाणी घालून तापणारी पिशवी हे विमानाच्या टपालाने येत नाही.

उलट दिशेनेही जपा. १०० वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१४ ची पेटी त्यात आली. परदेशातल्या कुणी कितीही भाव सांगितला तरी टपालात टाकू नका.

अपशिंगे_रोड (सातारा)

आभार. गोल डबा वाळूत ठेवलाय. चौकोनी डब्याच्या बुडाला बाण आहे, खालचं अक्षर गंजात गेलंय. आता खोलीतला आर्द्रतामापक ६८ दाखवतोय, पण स्वस्तातला आहे. २० लिटरचे हवाबंद प्लास्टिकचे डबे आणलेत, त्यांत सिलिका जेल किती घालू?

पत्रा_आणि_कल्हई (सांगली)

ते अक्षर खरवडू नका. टॉर्च अगदी आडवा धरून चारी दिशांनी फोटो काढा, एका दिशेला ठसा उठून दिसतो.

मापकाची परीक्षा घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चमचाभर पाणी, म्हणजे ओल्या वाळूसारखं होईल. झाकण आणि मापक एका झिप पिशवीत बंद करून आठ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८० आला तर प्रत्येक वाचनातून ५ वजा करा.

२० लिटरला ४०० ग्रॅम जेल, नारिंगी रंगाचं. हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास, मग बंद बरणीत गार करून परत. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतो. जेल कापडी पुरचुंडीत बांधा, मणी पत्र्याला टेकायला नकोत. लेबलचा डबा ४० ते ४५ टक्क्यांत ठेवा, त्याहून कोरडं केलंत तर कागद आकसून सुटतो. मेणाच्या खोक्याला वेगळा डबा, त्याला ५० चालेल. जुलै-ऑगस्टमध्ये डबा उघडायचाच झाला तर पाऊस थांबलेल्या दुपारी, आणि एका मिनिटात बंद.

मिरज_कागद_जतन

एमडीएफच्या कपाटात ठेवणार असाल तर थांबा, त्यातून फॉर्मल्डिहाइड निघतं. सागवानी पेटीतूनही आम्लाची वाफ येते. पावडर कोटिंगचं लोखंडी रॅक बरं. आणि आमच्या सांगलीकडच्या वाचकांसाठी: २०१९ च्या पुराचं पाणी लक्षात ठेवून खालचे दोन कप्पे रिकामेच सोडा.

प्रत्येक डब्यात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवा, बॉलपेनची शाई ओलीत पसरते. कुणाच्या पेटीतून, कोणत्या गावी, पलटण माहीत असल्यास तीही. डिस्चार्जचे कागद घरात असतील तर चिठ्ठीवर त्यांचा नंबर उतरवा. गोल डब्यातून निघालेल्या मालाचा रंग आणि घट्टपणा धुण्याआधी लिहा. लेबल गेलेल्या डब्यात काय होतं, त्याचा तेवढाच पुरावा उरतो.