मदत हवी आहे : कपडे वाळवण्याच्या ड्रायरचा हीटर बदलण्याबाबत

नेरुळच्या आमच्या घरी सात किलो क्षमतेचा, गरम हवा नळीवाटे बाहेर टाकणारा ड्रायर आहे. गेल्या आठवड्यापासून ड्रम फिरतो, पंखाही चालतो, मात्र हवा गार येते आणि दोन तासांनंतरही कपडे ओलेच राहतात. लिंट (कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू) अडवणारा फिल्टर व नळी स्वच्छ केली आहे. मशीन १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवर आहे आणि एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) एकदाही पडलेला नाही.

प्लग काढून, हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून मल्टिमीटरने तपासणी केली. हीटर २३० व्होल्ट, २००० वॅटचा असल्याने रोध साधारण २६ ओहम यायला हवा होता, परंतु मीटर तुटलेले सर्किट दाखवतो. थर्मोस्टॅट (तापमान नियंत्रित करणारा स्विच) व थर्मल कट-आउट (अति तापल्यास वीज तोडणारा सुरक्षा-भाग) या दोन्हींचे सर्किट मीटरवर अखंड दिसते, त्यामुळे दोष हीटरच्या तारेतच आहे, याविषयी मला शंका उरलेली नाही.

सेवा केंद्राच्या म्हणण्यानुसार हे मॉडेल बंद झाल्याने सुटा भाग मिळणार नाही, नवीन मशीन घ्यावे. ऐन पावसाळ्यात हा सल्ला खिशाला फारच जड आहे! तार पिळून जोडण्याचा उपाय कृपया सुचवू नये. लिंटजवळ ते धोक्याचे आहे.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते एवढेच : त्याच वॅटचा, त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा हीटर बसवणे सुरक्षित आहे का, त्यासोबत थर्मल कट-आउटही बदलावा का, आणि असा भाग वाशी, ठाणे किंवा लॅमिंग्टन रोडवर नेमका कोणत्या प्रकारच्या दुकानात मिळेल?