आजारी लेकराला आधी काय हवे: विमा योजना की जवळचा डॉक्टर?

रानवाटा (धागाकर्ता):
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर गेले, हे चांगलेच झाले. मात्र ही योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांची आहे, आणि गरिबाघरचे मूल बहुधा त्याआधीच्या दिरंगाईतच हातचे जाते. न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला साठच्या वर जाऊन छातीची खालची बाजू आत ओढली जाऊ लागली की हातात फार वेळ उरत नाही. ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञाचे पद रिक्त असेल, तर मेळघाटातल्या धारणीच्या आईबापांना सेमाडोहचा घाट उतरून, परतवाड्यामार्गे अमरावती गाठावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरी नवजात बाळांची काळजी घेतली, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पैसा आधी तिकडे वळवावा.

हिशेबनीस:
असहमत. हृदयाला जन्मतः मोठे छिद्र असलेले मूल आशाताईंच्या घरभेटींनी बरे होत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात; त्यांतून सापडलेल्या बाळाची शस्त्रक्रिया करणारा विभाग प्रत्येक जिल्ह्यात सरकार कधी उभारणार? तोवर खासगी रुग्णालयाचे बिल कोणी भरायचे? शिवाय पदाची जाहिरात निघाली म्हणून डॉक्टर येत नाहीत. निवासस्थान गळके, भूलतज्ज्ञ नाही, जोडीला दुसरा सहकारी नाही, अशा ठिकाणी चोवीस तास एकट्याने कोण राहील?

सावली:
दोघेही गृहीत धरता की मूल पत्त्यावर सापडते. बीडच्या ऊसतोड कामगाराचे मूल दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर पालात असते. त्या काळात पथक गावच्या अंगणवाडीत आले, तर हजेरीत नुसते नाव दिसते. दुसरा मुद्दा धर्मादाय रुग्णालयांचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव आहेत. प्रत्यक्षात एका रुग्णालयात समाजसेवकाच्या टेबलापुढे मी एक आई पाहिली. शिधापत्रिका पिशवीत होती, तहसीलदाराचा दाखला गावी राहिला होता, आणि कडेवरचे पोर तापाने फणफणलेले होते. तिला ‘दाखला घेऊन या’ एवढेच उत्तर मिळाले.

रानवाटा:
म्हणजे माझाच मुद्दा. उपचार दूर गेले की कागद वाढतात. गळक्या निवासस्थानाची दुरुस्ती हाही आरोग्यावरचाच खर्च मानावा.

हिशेबनीस:
दुरुस्ती जरूर करा, तळावर पथकेही पाठवा. आणीबाणीत आधी दाखल करून कागद नंतर मागावेत, हेही मान्य. परंतु यासाठी योजनेतला एक रुपयाही काढू नये. शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या मुलाला पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत थांबायला सांगता येत नाही.